तांब्याचं वजन

१८८३ सालच्या जून महिन्यात आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं अठरा. त्यांना आपल्या घरी नेणाऱ्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्या रोझेल नावाच्या गावात राहत. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होण्याआधीचा तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेललाच काढला. मराठी वाचकाला हे गाव आनंदीबाईंच्या चरित्रामुळे माहीत असतं. विजेच्या इतिहासात त्याची नोंद दुसऱ्याच कारणासाठी आहे. त्याच वर्षी १९ जानेवारीला, म्हणजे आनंदीबाई पोचण्याच्या पाचेक महिने आधी, थॉमस एडिसनने रोझेलमध्ये खांब रोवून, त्यांवरून तारा ओढून विजेचे बल्ब पेटवले होते. खांबावरच्या तारांमधून बल्बना वीज मिळालेलं जगातलं पहिलं गाव म्हणून रोझेलचं नाव घेतलं जातं. कल्याणात लहानाची मोठी झालेली मुलगी समुद्र ओलांडून गेली आणि नेमकी त्या गावात जाऊन उतरली, जिथे कंदिलाचं राज्य नुकतंच संपायला लागलं होतं.

रोझेलच्या तारांमधून जी वीज वाहत होती ती डीसी. शाळेच्या पुस्तकात हिला दिष्ट धारा म्हणतात. ती एकाच दिशेनं वाहते, पाटातल्या पाण्यासारखी. दुसरी प्रत्यावर्ती, म्हणजे एसी. ती सतत दिशा पालटते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. हल्ली एसी म्हटलं की खोली गार करणारं यंत्रच आठवतं, पण या लेखापुरतं ते बंद ठेवू.

या दोन प्रवाहांमध्ये अमेरिकेत सात-आठ वर्षं जी हाणामारी झाली, तिची गोष्ट आजकाल एडिसन विरुद्ध टेस्ला अशी सांगितली जाते. एक कावेबाज धनवान, दुसरा भोळा प्रतिभावंत. सिनेमाला हे सोयीचं पडतं. पण त्या भांडणाचे कागद चाळले की टेस्ला बराच कडेला दिसतो. मधोमध दिसतं ते तांबं.

सुरुवात पर्ल स्ट्रीटपासून करावी लागते. ४ सप्टेंबर १८८२ रोजी दुपारी तीन वाजता एडिसनने वॉल स्ट्रीटवर जे. पी. मॉर्गनच्या कचेरीत दिवे लावले. मॉर्गन हा त्याचा सावकार. पहिला उजेड सावकाराच्या घरी पडावा हे रीतीला धरूनच होतं. वीज येत होती जवळच्याच पर्ल स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतीतून. तिथे खाली कोळशाच्या भट्ट्या आणि वर एडिसनची अजस्र जनित्रं होती. प्रत्येकाचं वजन सुमारे २७ टन. त्याच साली लंडनहून बार्नमच्या सर्कशीत आलेल्या प्रचंड हत्तीवरून लोकांनी या यंत्रांनाही 'जंबो' म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पेटले ते सुमारे ४०० दिवे.

एडिसनची खरी चलाखी बल्बमध्ये नव्हती, बल्ब इतरांनीही केले होते. त्यानं गॅसकंपन्यांचा धंदा डोळ्यांपुढे ठेवून अख्खी व्यवस्था रचली: वीजघर, जमिनीखालून नेलेल्या तारा, फ्यूज, बटणं आणि मीटर. तो मीटर तर पाहण्यासारखा होता. काचेच्या बरणीत जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवून ठेवलेल्या असत. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त झिजून दुसरीवर चढे. कंपनीचा माणूस ठरावीक दिवशी यायचा, पट्ट्या काढून न्यायचा आणि सराफानं मासा-गुंज तोलावी तशा त्या तोलून बिल करायचा. दाब ११० व्होल्ट. चुकून हात लागला तर झिणझिण्या येतील, सहसा जीव जाणार नाही. एडिसनला या गोष्टीचा सार्थ अभिमान होता आणि पुढे त्यानं जे केलं ते समजून घ्यायचं तर हा अभिमान लक्षात ठेवायला हवा.

अडचण होती ती टेलची. कालव्याच्या लाभक्षेत्रात ज्याची शेती शेवटच्या टोकाला आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तोंडाशी असलेल्याचा ऊस डोलतो आणि टेलच्या शेतकऱ्याच्या पाटात ओल तेवढी येते. वाटेत पाणी मुरलेलं असतं. कमी दाबाची वीज अशीच वाटेत मुरते, तारेची उष्णता होऊन. पर्ल स्ट्रीटजवळचा दिवा लख्ख, अर्ध्या-पाऊण मैलावरचा मिणमिणता. उपाय एकच, तार जाड करायची. जाड तार म्हणजे जास्त तांबं, जास्त तांबं म्हणजे जास्त पैसा. १८८३ मध्ये एडिसनने दोनाऐवजी तीन तारांची युक्ती काढली आणि साठ टक्क्यांहून जास्त तांबं वाचवलं. तरीही मैलभराच्या पलीकडे डीसी परवडत नव्हती. दर मैलाला एक वीजघर, एक धुरांडं, एक कोळशाचा ढीग हवा. गजबजलेल्या मॅनहॅटनमध्ये ते जमलं. विखुरलेल्या वस्तीत कोण बांधणार? त्यात १८८७ मध्ये सेक्रेताँ नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानं जगभरचं तांबं कोंडून धरायचा डाव मांडला आणि तांब्याचे भाव कडाडले. १८८९ च्या मार्चमध्ये डाव कोसळला खरा, पण मधल्या दीड वर्षात एडिसनच्या विक्रेत्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आता थोडं गणित, त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. तारेत किती वीज उष्णता होऊन वाया जाते हे धारेच्या वर्गावर ठरतं. दाब दहापट वाढवला तर तीच वीज पोचवायला धारा एक दशांश पुरते आणि नासाडी शंभरावा भाग होते. म्हणजे करंगळीएवढ्या तारेचं काम सुतळीएवढी तार करते. पण हजार-दोन हजार व्होल्ट कुणाच्या माजघरात कसे सोडायचे? दाब वाटेत चढवायचा आणि दाराशी उतरवायचा, अशी काही सोय हवी. ती सोय म्हणजे महावितरण ज्याला रोहित्र म्हणतं आणि गावात ज्याला डीपी म्हणतात, तो ट्रान्सफॉर्मर. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एका वेटोळ्यातली वीज सतत हेलकावत असेल तरच दुसऱ्यात वीज उमटते. एका दिशेनं संथ वाहणाऱ्या डीसीला या लोखंडाकडून काहीच मिळत नाही. सगळ्या लढ्याचा निकाल या एका वाक्यात होता, फक्त तो कळायला दहा वर्षं जावी लागली.

ट्रान्सफॉर्मरचा शोध अमेरिकेतला नाही. गोलार आणि गिब्ज या जोडीनं १८८४ मध्ये इटलीतल्या तुरीनला तो दाखवला, पण त्यांची जोडणी कच्ची होती. एक दिवा विझवला की बाकीच्यांवर परिणाम व्हायचा. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तीन इंजिनिअरांनी बंद गाभ्याचा, नीट चालणारा ट्रान्सफॉर्मर बनवला. गंमत म्हणजे या हंगेरियन पेटंटांचे अमेरिकेतले हक्क विकत घेण्याचा पर्याय एडिसनच्याच कंपनीनं पैसे मोजून राखून ठेवला होता. जिंकण्याचा पत्ता त्याच्याच हातात होता! त्यानं तो खेळला नाही. उच्च दाबाची वीज लोकांच्या डोक्यावरून न्यायची ही कल्पनाच त्याला पटत नव्हती. वेस्टिंगहाउस अशी यंत्रणा बसवील तर सहा महिन्यांत एखादं गिऱ्हाईक मारील, असं त्यानं १८८६ मध्ये आपल्या माणसाला लिहून कळवलं होतं.

जॉर्ज वेस्टिंगहाउस हा पिट्सबर्गचा कारखानदार. रेल्वेचा एअरब्रेक त्याचा; गाडीचा प्रत्येक डबा एकाच वेळी थांबवणारी ती युक्ती त्याला तिशीच्या आत श्रीमंत करून गेली. १८८६ च्या आरंभी त्यानं वीजकंपनी काढली. त्याचा इंजिनिअर विल्यम स्टॅन्ली तब्येतीच्या कारणानं मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावी राहायला गेला होता. तिथल्या एका बंद पडलेल्या रबराच्या गिरणीत त्यानं जनित्र मांडलं, गावातल्या झाडांना तारा बांधल्या आणि २० मार्च १८८६ रोजी मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत दिवे लावले. त्याच नोव्हेंबरात बफेलो शहरातलं एक मोठं दुकान एसीवर उजळलं. बफेलो हे नाव ध्यानात असू द्या. या गोष्टीत ते पुन्हा पुन्हा येणार आहे. १८८७ च्या अखेरीस एडिसनची वीजघरं होती १२१ आणि जेमतेम दोन वर्षांच्या वेस्टिंगहाउसची ६८.

टेस्लाचा प्रवेश इथे होतो. १८८४ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या या सर्ब तरुणानं एडिसनच्या कारखान्यात काही महिने नोकरी केली आणि सोडली. एसीकडे तोवर दिवे होते, मोटार नव्हती. दिवसा वीजघर रिकामं बसायचं. टेस्लानं फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी मोटार काढली, १ मे १८८८ ला त्याला पेटंटं मिळाली, १६ मे रोजी त्यानं न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांपुढे व्याख्यान दिलं आणि जुलैत वेस्टिंगहाउसनं हक्क घेतले. तीच कल्पना इटलीत गॅलिलिओ फेरारिसनंही स्वतंत्रपणे मांडली होती. मोटार अस्सल प्रतिभेची खरी, पण ती कारखान्यात रुळायला आणखी काही वर्षं गेली. तेवढ्यात लढाई भलत्याच मैदानावर जाऊन पोचली होती.

ते मैदान म्हणजे फाशीघर.

बफेलोत आल्फ्रेड साउथविक नावाचा दंतवैद्य होता. १८८१ मध्ये तिथे एक दारुडा वीजघरातल्या जनित्राला हात लावून तत्काळ मेला. साउथविकच्या डोक्यात आलं की फाशीपेक्षा हे बरं. फाशीचे दोर तुटत, माणसं बराच वेळ तडफडत. न्यूयॉर्क राज्यानं पर्याय शोधायला समिती नेमली, तिच्यात साउथविकही होता. त्यानं एडिसनचा सल्ला मागितला. एडिसन मुळात देहदंडाच्या विरोधात. पहिल्या पत्राला त्यानं नकार कळवला. १८८७ च्या डिसेंबरात साउथविकनं पुन्हा लिहिलं, तेव्हा मात्र एडिसननं उत्तर धाडलं की या कामाला 'अल्टरनेटिंग' यंत्रं उत्तम आणि ती या देशात मुख्यतः वेस्टिंगहाउस बनवतो. तत्त्व आणि धंदा यांची गाठ त्या पत्रात कशी पडली हे पाहून आजही अंगावर काटा येतो. एडिसनला एसी धोक्याची वाटत होती हे खरं. प्रतिस्पर्ध्याचं नाव मृत्यूशी जोडलं जावं असंही त्याला वाटत होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदत होत्या.

१८८८ च्या जूनमध्ये कायदा झाला: पुढच्या वर्षापासून मृत्युदंड विजेनं. त्याच आठवड्यात हॅरॉल्ड ब्राउन नावाच्या, तोवर फारसं कुणी न ऐकलेल्या इंजिनिअराचं एसीविरुद्ध जळजळीत पत्र वर्तमानपत्रात आलं. पुढची दोन वर्षं हा माणूस एडिसनच्या बाजूचा हाकाटी पिटणारा झाला. एडिसननं त्याला आपली प्रयोगशाळा वापरायला दिली. आसपासच्या पोरांना पंचवीस-पंचवीस सेंट देऊन भटके कुत्रे गोळा करवले गेले आणि कोणती वीज लवकर मारते याचे प्रयोग सुरू झाले. ३० जुलैला कोलंबिया कॉलेजात जाहीर प्रयोग झाला. एका थोराड कुत्र्याला आधी डीसीचे झटके चढत्या भाजणीनं देण्यात आले, हजार व्होल्टपर्यंत. अर्धमेलं झालेलं ते जनावर मग एसीच्या ३३० व्होल्टला गेलं. आधीच लोळागोळा झालेल्या जिवावर हा 'पुरावा' उभा होता. प्रेक्षकांत बसलेल्या इंजिनिअरांनी आरडाओरडा केला आणि प्राणिरक्षण संस्थेच्या माणसानं दुसरा कुत्रा वाचवला. डिसेंबरात ब्राउननं वासरं आणि एक घोडा मारून दाखवला, माणसाच्या वजनाचा प्रश्न निकालात निघावा म्हणून.

मग त्यानं वेस्टिंगहाउसला द्वंद्वाचं आव्हान दिलं. आपण डीसी घेतो, तुम्ही एसी घ्या, शंभर व्होल्टपासून पन्नास-पन्नासनं वाढवत जाऊ, जो आधी ओरडेल तो हरला. वेस्टिंगहाउसनं अर्थातच लक्ष दिलं नाही. तुरुंगांना यंत्रं विकायलाही तो तयार नव्हता, म्हणून ब्राउननं त्याची जुनी जनित्रं आडवाटेनं मिळवून राज्याला पुरवली. हा व्यवहार कसा जमला? १८८९ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनच्या टेबलातून चोरीला गेलेली पत्रं न्यूयॉर्कच्या 'सन' वर्तमानपत्रानं छापली तेव्हा कळलं: एडिसनची कंपनी आणि थॉमसन-ह्यूस्टन ही तिसरी वीजकंपनी दोघांचाही हात त्यामागे होता. थॉमसन-ह्यूस्टन स्वतः एसीची यंत्रं विकत असे. बाजारात तत्त्वाला फार जागा नसते म्हणतात ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

पण एडिसनची भीती निव्वळ बनाव नव्हती, हे त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्कनं पाहिलं. तेव्हाच्या मॅनहॅटनच्या रस्त्यांवर तार, टेलिफोन, आगीची घंटा, रस्त्यावरचे आर्क दिवे अशा सगळ्यांच्या तारांचं जंजाळ होतं. एकाच खांबावर डझनावारी आडवे बाहू, कित्येक तारा बेवारस. ११ ऑक्टोबर १८८९ ला भर दुपारी जॉन फीक्स नावाचा तारकंपनीचा लाइनमन खांबावर चढला. हाताला आली ती तार कमी दाबाची असायला हवी होती. कुठेतरी दूर ती उच्च दाबाच्या एसी तारेला चिकटली होती. फीक्स जागच्या जागी गेला आणि त्याचा देह तारांच्या जाळ्यात अडकून, ठिणग्या उडवत, जवळजवळ तासभर लोंबकळत राहिला. खाली हजारोंचा जमाव. कुणी पुढे व्हायला धजेना. नंतर त्याच्या विधवेसाठी त्या खांबालाच पेटी ठोकली गेली आणि येणारेजाणारे तिच्यात नाणी टाकत राहिले. आपल्याकडे पावसाळ्यात खांबावर चढलेल्या वायरमनच्या बातम्या वाचताना मला हा फीक्स आठवतो. त्याच्या मरणानंतर डिसेंबरात महापालिकेनं कुऱ्हाडी चालवून शहरभरच्या तारा तोडल्या आणि न्यूयॉर्कच्या तारा जमिनीखाली गेल्या. म्हणजे एडिसन पहिल्यापासून सांगत होता तसंच झालं. त्याचं निदान बरोबर होतं, औषध चुकलं. धोका दाबात होता, हयगयीत होता. एसी बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हता.

आता पुन्हा बफेलो. तिथला भाजी विकणारा विल्यम केमलर. १८८९ च्या मार्चमध्ये दारूच्या नशेत त्यानं सोबत राहणाऱ्या बाईचा कुऱ्हाडीनं खून केला. नव्या कायद्याखाली त्याला विजेनं मृत्युदंडाची शिक्षा झाली. या गरिबाच्या बाजूनं अचानक न्यूयॉर्कचा बडा वकील बर्क कॉक्रन उभा राहिला. त्याची फी वेस्टिंगहाउस भरतो, हे सगळे धरून चालले. विजेनं मारणं क्रूर आहे की नाही यावर सुनावण्या झाल्या. एडिसन स्वतः साक्षीला आला आणि एसीनं मरण तत्काळ येईल म्हणाला. शरीरशास्त्रातलं त्याला फारसं कळत नव्हतं, पण एडिसनचा शब्द होता. न्यायाधीशांनी मानला.

६ ऑगस्ट १८९०, ऑबर्नचा तुरुंग, पहाटेची वेळ. केमलर शांत होता. त्यानंच तुरुंगाधिकाऱ्याला घाई न करता काम नीट करायला सांगितल्याचं हजर असलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. सतरा सेकंद वीज सोडली. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला. दंतवैद्य साउथविक तिथेच होता. दहा वर्षांच्या कामाचं चीज झालं, आजपासून आपण अधिक सुसंस्कृत झालो, अशा अर्थाचं काही तो बोलला. तेवढ्यात कुणाच्यातरी लक्षात आलं की केमलर श्वास घेतोय. पुन्हा वीज सोडायची तर जनित्राला वेग घ्यायला वेळ हवा होता. ते चढेपर्यंत खोलीतल्या माणसांना त्याच्या छातीची घरघर ऐकत उभं राहावं लागलं. दुसऱ्या खेपेला मिनिटाहून जास्त वेळ वीज चालू ठेवली. जळक्या मांसाचा वास पसरला, साक्षीदारांतल्या काहींना भोवळ आली. वेस्टिंगहाउसचं म्हणणं दुसऱ्या दिवशी छापून आलं: यापेक्षा कुऱ्हाड बरी होती.

या सगळ्या किळसवाण्या प्रचारानं साधलं काय? काहीच नाही. केमलर मेला त्या वर्षीही गावोगावच्या नगरपालिका एसीची कंत्राटं देत राहिल्या, कारण ती स्वस्त पडत होती. लोक घाबरले, वर्तमानपत्रं खपली, आणि नगरपालिकेच्या हिशेबनिसानं तांब्याचा भाव पाहून सही केली. १८९१ मध्ये जर्मनांनी नेकर नदीकाठच्या लाउफेनहून फ्रँकफर्टच्या प्रदर्शनापर्यंत, १७५ किलोमीटर, तीन फेजची एसी नेऊन दाखवली. वाटेतली गळती होती सुमारे पाव हिस्सा. एडिसनच्या डीसीची मजल मैलभर. इथे वादाला जागाच उरली नव्हती.

एडिसनला हरवलं ते वेस्टिंगहाउसनं नव्हे, त्याच्याच सावकारानं. १८९२ च्या एप्रिलमध्ये मॉर्गननं एडिसनची कंपनी आणि थॉमसन-ह्यूस्टन एकत्र केली. कारभार थॉमसन-ह्यूस्टनच्या माणसांकडे गेला आणि पाटीवरून एडिसन हा शब्द पुसला गेला. उरलं फक्त जनरल इलेक्ट्रिक. नवी कंपनी एसी विकू लागली. भांडण संपलं ते असं, एका बैठकीत, कुत्रे न मारता.

पुढचं सगळ्यांना माहीत असलेलं, म्हणून थोडक्यात. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाचं कंत्राट वेस्टिंगहाउसनं घेतलं. बल्बचं पेटंट एडिसनच्या बाजूला होतं म्हणून वेस्टिंगहाउसनं काचेचं बूच लावलेला वेगळाच बल्ब घाईनं बनवून घेतला. याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत सप्टेंबरमध्ये विवेकानंद बोलले. नायगारावर वीजघर कोणतं असावं हे ठरवायला नेमलेल्या आयोगाचा अध्यक्ष, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखला गेलेला विल्यम थॉमसन, एसीच्या विरोधात होता. एसी घेऊन मोठी चूक करू नका अशी तार त्यानं पाठवली होती. तरी कंत्राट वेस्टिंगहाउसला मिळालं. १८९६ च्या नोव्हेंबरात मध्यरात्री नायगाराची वीज सुमारे ४० किलोमीटरवर पोचली. कुठे? बफेलोलाच.

आणि इथे एक गोष्ट फार कमी जण सांगतात. नायगाराच्या वीजघराचं पहिलं गिऱ्हाईक होतं ॲल्युमिनियमचा कारखाना. ॲल्युमिनियम काढायला डीसीच लागते. बफेलोतलं पहिलं गिऱ्हाईक होतं ट्रामकंपनी. ट्रामच्या मोटारी डीसीवर चालत. एसीचा सगळ्यात मोठा विजय म्हणून जी वीज इतिहासात नोंदली गेली, ती पोचल्या पोचल्या फिरत्या यंत्रातून काढून डीसी केली गेली. नायगाराच्या इंजिनिअरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

ता. क. म्हणून दोन गैरसमज. टेस्लानं मैत्रीखातर वेस्टिंगहाउसचा करार फाडून टाकला ही कहाणी टेस्लाच्या मृत्यूनंतरच्या चरित्रातून पसरली. कागदावर दिसतं ते इतकंच की १८९७ मध्ये कंपनीनं सुमारे दोन लाख सोळा हजार डॉलर देऊन पेटंटं कायमची विकत घेतली. आणि एडिसननं एसीला बदनाम करायला टॉप्सी नावाची हत्तीण मारली, हे तर व्हॉट्सॲपवर दर महिन्याला येतं. टॉप्सी मेली १९०३ च्या जानेवारीत, कोनी आयलंडवर, हा वाद मिटून दहा वर्षं झाल्यावर. चित्रीकरण एडिसनच्या नावाच्या कंपनीनं केलं, एडिसनचा त्या प्रकाराशी संबंध नव्हता. त्याच्या खात्यावर खरी पापं पुरेशी आहेत.

डीसीला त्यानंतरही शंभराहून जास्त वर्षं आयुष्य मिळालं आणि त्यातली बरीच आपल्या मुंबईत गेली. टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून एसी मुंबईला येऊ लागली, पण १९०७ पासून धावणाऱ्या ट्राम डीसीच्या आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला निघालेली देशातली पहिली विजेची रेल्वेही डीसीचीच, १५०० व्होल्टची. कारण साधं होतं. लोकल दर दोन-तीन किलोमीटरला थांबते आणि खच्चून भरलेली पुन्हा निघते. थांबलेल्या अवस्थेतून उसळी मारून ओढायला तेव्हाच्या डीसी मोटारीइतकं काही बरं नव्हतं. पण १५०० व्होल्ट म्हणजे कमी दाब, म्हणून धारा प्रचंड, म्हणून वरची तार जाड, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन. पर्ल स्ट्रीटचं दुखणं जसंच्या तसं. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या तसं ते आणखी जाणवायला लागलं. पश्चिम रेल्वेनं २०१२ मध्ये, मध्य रेल्वेनं २०१५ मध्ये मुख्य मार्गावर डीसी सोडून २५,००० व्होल्टची एसी घेतली. हार्बरवर डीसीची शेवटची लोकल धावली २०१६ च्या एप्रिलमध्ये, रात्री उशिरा, कुर्ल्याहून. ९१ वर्षांपूर्वीची पहिली गाडीही व्हीटी-कुर्ला याच वाटेवर धावली होती.

खुद्द न्यूयॉर्कमध्ये एडिसनची डीसी १४ नोव्हेंबर २००७ ला बंद झाली. मॅनहॅटनच्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट तोवर तिच्यावर चालत होत्या. वीजकंपनीच्या माणसानं एका जाड तारेवर कटर चालवला, बस.

दरम्यान, १९९९ मध्ये चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत एक नवी वाहिनी सुरू झाली. लांबी ७५२ किलोमीटर, दाब उणे-अधिक पाच लाख व्होल्ट, क्षमता १५०० मेगावॉट. तिच्यातून वाहते ती डीसी. वेस्टिंगहाउसच्या काळात इतक्या उच्च दाबाच्या एसीची डीसी करायला यंत्र नव्हतं. आता अर्धवाहकांचे थायरिस्टर ते काम करतात आणि इतक्या लांबच्या पल्ल्याला डीसीच कमी गळते, तारही कमी लागते. चंद्रपूरला कोळसा जळून निघते एसी, तिची डीसी करून ती राज्य आडवं ओलांडते, पडघ्याला पुन्हा एसी होऊन जाळ्यात मिसळते. २०१५ पर्यंत त्याच जाळ्यातली वीज घेऊन रेल्वे तिची परत डीसी करायची आणि कल्याणहून सुटणारी लोकल चालवायची. त्या लोकलमध्ये खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या खिशातला मोबाइलही रात्री घरी चार्जर लावला की एसीची डीसी करून घेतो, पाच व्होल्टची.